हात लावल्यास दहा गुण

सोमवार, ४

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, दिवसातून सहादा फोन करून तुम्ही माझ्या जिवाला घोर लावता. जे वाटतं ते वहीत लिहा." औषधांच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी होती, ती काढली. शाळा मी सातवीत सोडली, पण अक्षर बरं आहे.

काय वाटतं ते लिहायचं तर एकच. बायकोला, म्हणजे हिला, अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय परत आला, थोडा ओढतो. तोंड सरळ झालं, बोलणं सावकाश पण स्पष्ट. उजवा हात मात्र आला नाही. बोटं मिटतात, पण धरत काही नाहीत. व्यायामवाली बाई म्हणाली की जे यायचं ते या दिवसांतच येईल, मग हात आहे तसाच राहील. आणि मुलगी महिनाअखेरीला येऊन हिला तिच्या गावी घेऊन जायचं म्हणते. तिच्याकडे जागा एकाच माणसाची. "तुम्ही अधूनमधून येत जा, बाबा." अधूनमधून! आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली.

हात आला तर ही राहील, नाही आला तर जाईल, असा माझा हिशेब आहे. म्हणून मी हिला जपतो. दात घासून देतो, वेणी घालायला शिकलो, घास भरवतो. आज पाण्याच्या भांड्याकडे हात नेत होती, माझं वेळीच लक्ष गेलं म्हणून बरं.

मी एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होतो. माझ्या लिफ्टमध्ये दुसऱ्या कुणी बटणाला बोट लावलेलं मला खपत नसे. साहेब लोकसुद्धा मजला सांगून गप्प उभे राहायचे. कामात मी असा होतो.

बुधवार, ६

व्यायामवालीने दाबायला रबरी चेंडू दिला होता. हिने तो डाव्या हाताने गॅलरीतून खाली भिरकावला. मी धावत जाऊन आणला. पुन्हा भिरकावला.

व्यायामवाली मला म्हणाली, "काका, हात कुणाचा बरा करायचाय? तुमचा की काकूंचा? कारण काम सगळं तुमच्याच हातांना मिळतंय."

बाई थट्टेखोर आहे, पण मनाने चांगली.

रविवार, १०

आमच्या गॅलरीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे बंद पडलेल्या वखारीचं मैदान. तिथं रविवारी चार-पाच मोठी माणसं लहान मोटारी घेऊन जमतात. हातात रिमोट आणि विटा-दगडांवरून मोटारी चढवायच्या. त्यांचा म्होरक्या म्हणजे माझा कटिंगवाला. केस कापताना तो शहाणा माणूस वाटतो.

ही दुपारभर बघत बसली. मग म्हणाली, "मला ती पाहिजे."

"काय?"

"मोटार."

झटका डोक्यातही गेला की काय! मी म्हटलं, "आपण आत जाऊ या, ऊन लागतंय."

ही म्हणाली, "ऊन तुम्हाला लागत असेल." आणि चपला घालून निघालीच. मी मागे. रस्ता ओलांडताना मी हिचा दंड धरला होता, तो हिने दोनदा सोडवून घेतला.

कटिंगवाल्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने हिचा हात पाहिला आणि एक जुनी, रंग उडालेली जीप काढून दिली. "काकू, ही म्हातारी आहे, पण धीराची आहे. न्या. चालवा. शिकलात की परत द्या."

रिमोट पिस्तुलासारखा. डाव्या हातात धरायचा. डाव्या बोटाने चाप ओढला की गाडी पुढे, ढकलला की मागे. आणि उजव्या बाजूला डबीच्या झाकणाएवढं एक चाक. ते उजव्या हाताने फिरवायचं, त्याने गाडी वळते.

मी म्हटलं, "उजवा हात हिचा चालत नाही. चाक मी फिरवतो, चाप ही ओढेल."

"एका गाडीला दोन ड्रायव्हर नसतात, काका," तो म्हणाला. मग मला वेगळं घेऊन बजावलं की सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलट केलं तर गाडीला हुकूम देणारं कुणी राहत नाही, ती काय करेल याचा नेम नाही. नव्या गाड्या आपसूक थांबतात, ही जुनी थांबत नाही.

हे काही माझ्या डोक्यात बसलं नाही. लिफ्टमध्ये मेन स्विच बंद केला की सगळं जागच्या जागी थांबतं.

मंगळवार, १२

बॅटरी चार्ज करायची म्हणजे जिवाला घोर. जास्त तापली तर पेट घेते म्हणे. कटिंगवाल्याने मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करायला सांगितलंय. मी कुंडीशेजारी पाण्याची बादली, वाळूची पिशवी आणि ओलं पोतं घेऊन बसलो होतो. ही म्हणाली, "आता एक बंबही बोलवा."

मैदानावर जीप सरळ जाईना, डावीकडे ओढत होती. मला वाटलं हिच्याच हाताचा दोष. पण रिमोटवर एक बारीक बटण असतं, ते फिरवून गाडीची चाल सरळ करता येते. हिने ते डाव्या हाताने फिरवायला घेतलं. मी फिरवून दिलं. मग ही काही वेळ जीप न चालवता नुसती उभी राहिली. दमली असणार.

शुक्रवार, १५

या खेळातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे गाडी आपल्यापासून लांब जाते तोवर तिचं डावं ते आपलं डावं. वळून आपल्याकडे येऊ लागली की सगळं उलटं होतं. जीप भिंतीच्या कडेने आमच्याकडे येत होती. मी ओरडलो, "डावीकडे! डावीकडे घे! अगं डावीकडे!" हिने घेतली आणि जीप थाडकन भिंतीवर.

"काकू," कटिंगवाला लांबून म्हणाला, "काकांचं ऐकू नका."

"चव्वेचाळीस वर्षं ऐकतेय," ही म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

नंतर कटिंगवाल्याने युक्ती सांगितली की आपण त्या गाडीच्या आत बसलोय असं समजायचं. ही डोळे मिटून थोडा वेळ थांबली आणि मग जीप आपल्या पायाशी आणून उभी केली. चाकावर उजव्या हाताची तीन बोटं होती. थरथरत होती, पण होती.

परतताना पायऱ्यांवर हिचा पदर खांद्यावरून घसरला होता. घरात आलो तेव्हा तो नीट होता. मीच घेऊन दिला असेन. आठवत नाही.

मंगळवार, १९

ही मुलीशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी खोलीत गेलो तर गप्प झाली. हे दुसऱ्यांदा. मुलगी हिच्या कानाला लागलेली दिसते. रोज थोडं थोडं बोलून हिचं मन वळवत असणार. माझ्याच पोटची पोर!

मुलीला फोन लावणार होतो, पण तिने वहीत लिहायला सांगितलंय.

गुरुवार, २१

येत्या रविवारी मैदानावर शर्यत आहे. शर्यत म्हणजे पळापळी नव्हे. दगडविटांतून एक वाट आखतात, वाटेत दोन-दोन काठ्या रोवून दरवाजे करतात. काठीला गाडी घासली तर गुण चढतात. गाडी मागे घेतली तर एक गुण. अडकलेली गाडी हात लावून सोडवली तर दहा. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकतो. वाटेच्या शेवटी गटारावर एक फळी टाकलेली असते, ती ओलांडायची.

ही भाग घेणार म्हणते. मी म्हटलं, "लोकांसमोर हात थरथरला तर?"

"थरथरेल," ही म्हणाली.

"आणि गाडी गटारात गेली तर?"

"जाईल."

असं तोडून बोलणं हिचा स्वभाव नव्हता. व्यायामवालीला मी हे सांगितलं. ती खूश झाली. तिला तरी काय म्हणायचं!

रविवार, २४

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

हिचा नंबर शेवटचा होता. पहिल्या दरवाजातून जीप सुटली. दुसऱ्याला काठी हलली पण पडली नाही. तिसऱ्याला ही मागे घेऊन पुन्हा गेली. लोक आधी गप्पा मारत होते, ते एकेक करून गप्प झाले. मी हिच्या उजव्या अंगाला उभा होतो. हिचं सगळं अंग त्या चाकात गोळा झालेलं दिसत होतं.

जीप फळीवर आली. अर्धी फळी गेली आणि पुढचं एक चाक कडेवरून सरकून हवेत लोंबायला लागलं. खाली काळं पाणी.

"सावकाश, काकू," कटिंगवाला म्हणाला. "घाई नाही. श्वास घ्या. थोडी मागे."

हिचा हात असा हलायला लागला की पाहवेना. मानेची शीर फुगली. कपाळावरून घाम गळत होता. ओठ एका बाजूला ओढल्यासारखा वाटला. मला तो दिवस आठवला, हीच मान, हाच घाम. मी म्हटलं, "पुरे! पुरे झालं!" आणि हात घालून रिमोटचं बटण बंद केलं.

लिफ्ट अडकली की आधी मेन स्विच. हात आपोआप गेला.

जीप किंचाळली. दुसरा शब्द नाही त्याला. सगळी चाकं गरगर फिरली, जीप फळीवरून उडाली, पलीकडच्या दगडावर आपटली आणि उलटी होऊन गटारात गेली. थोडा वेळ पाण्याखालूनही आवाज येत होता. मग तोही थांबला.

"काका, आधी गाडी..." कटिंगवाला म्हणाला आणि बाही वर करून गटारात उतरला.

हिने माझ्याकडे पाहिलं. हिला झटका वगैरे काही आला नव्हता. ओठ सरळ होता. म्हणाली, "चाक वर येत होतं."

सोमवार, २५

बोलत नाही. जेवताना घास पुढे केला तर ओठ मिटून घेतले. मी ताट तसंच ठेवलं. ही डाव्या हाताने जेवली, निम्मं सांडलं. मी पुसायला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या."

संध्याकाळी मी म्हटलं, "माझं चुकलं. पण मुलीचं ऐकून मला सोडून जाऊ नकोस."

तेव्हा हिने सांगितलं. "हे तिचं नाही. मीच तिला म्हटलं, मला घेऊन जा."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

"तिथं काय आहे असं?"

"ती सकाळी कामावर जाते. दिवसभर घरात कुणी नसतं."

"म्हणजे? तुला दिवसभर एकटीला ठेवणार?"

"हो," ही म्हणाली. आणि कालपासून पहिल्यांदा हिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं.

एकटं राहायला कुणी एवढ्या लांब जातं का? मला काही कळलं नाही. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

बुधवार, २७

कटिंगवाला दुकान बंद ठेवून जीप घेऊन आला. त्याने ती पूर्ण उघडली होती. मोटर, गिअरची चाकं, वायरी सगळं फडक्यावर मांडलं. गिऱ्हाइकांचे केस वाळवायचं यंत्र सोबत आणलं होतं, त्याने एकेक भाग वाळवला. "आज जीपचं सेटिंग करतोय," म्हणाला.

जोडायचं काम त्याने हिला दिलं. पेचकस उजव्या हातात. बोटांत तो ठरत नव्हता, सारखा घरंगळायचा. एक स्क्रू पडून पलंगाखाली गेला. मी लगेच वाकलो. कटिंगवाल्याने माझ्यापुढे पाय आडवा घातला.

"काका, तो काकूंचा स्क्रू आहे."

ही खाली बसली. मग आडवी झाली. मग हात पलंगाखाली घातला. मला ते बघवेना. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी विसळली. परत आलो तेव्हा स्क्रू जागेवर बसला होता आणि हिच्या केसांना कोळिष्टक लागलं होतं. काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. ते रात्रीपर्यंत तसंच होतं.

गुरुवार, २८

व्यायामवालीला मी स्पष्ट विचारलं, "हिचा हात का येत नाही?"

"येतोय की. बोटांत पकड आलीय."

"मग मला का दिसत नाही?"

ती म्हणाली, "तुमचे दोन हात आड येतात ना, काका."

फार राग आला. तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर टेबलावर दोन्ही हात ठेवून बघत बसलो. म्हातारे झालेत. कामाशिवाय ते कसे ठेवायचे असतात तेच मला माहीत नाही. कधी मांडीवर ठेवले, कधी खिशात. कुठंच बरं वाटेना.

शुक्रवार, २९

मुलगी आली. आल्या आल्या हिची बॅग भरायला घेतली. कपडे, औषधं, चष्मा. मी दारात उभा राहून बघत होतो.

मी हिला विचारलं, "मी काय केलं म्हणजे तू राहशील?"

ही म्हणाली, "काही करू नका."

रागावलीय अजून. काय करायचं ते सांगतच नाही.

रात्री जेवताना ही मुलीला म्हणाली, "सोमवारी निघायचं ना? रविवारी मला मैदानावर जायचंय. ती वाट पुरी करायचीय. एकटी जाणार. कुणी सोबत यायचं नाही, गॅलरीतून बघायचं नाही."

"आई, मध्ये रस्ता आहे," मुलगी म्हणाली.

"मग? तो मला दिसतो."

"आणि तोल गेला तर? बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना!"

मुलगी माझ्याकडे बघत होती. हीसुद्धा बघत होती. माझ्या जिभेवर सगळं होतं, ट्रक, खड्डे, कुत्री, ऊन. मी पाणी प्यालो.

"जाऊ दे तिला," मी म्हटलं.

हिने मान खाली घालून जेवायला सुरुवात केली. चमचा उजव्या हातात होता. हे मला आता लिहिताना आठवतंय.

रविवार, ३१

ही गेली. जीप पिशवीत, पिशवी डाव्या खांद्यावर. जाताना म्हणाली, "दाराला बाहेरून कुलूप लावून जाते. उघडायची किल्ली माझ्याकडेच राहील."

"आम्ही आत आणि बाहेरून कुलूप?" मुलगी म्हणाली. "ही कसली तऱ्हा?"

"कुणी मागून येऊ नये म्हणून," ही म्हणाली. आणि खरंच लावलं.

गॅलरीचा पडदा ओढलेला आहे. मुलगी खुर्चीत बसून फोन नुसता हातात फिरवते आहे. मी लिहितो आहे. लिहिताना हात अडकलेले राहतात, एवढ्यासाठीच लिहितो आहे.

रस्त्यावर हॉर्न वाजला. फार लांब वाजला. मुलगी उठली.

"बघायचं नाही म्हणालीय," मी म्हटलं.

"बाबा, तुम्ही सांगताय हे?"

बसली. तिच्याकडे बघितलं तर ती नख खात होती. लहानपणी खायची तसंच. तिने मला विचारलं, "तुम्हाला भीती वाटत नाही?" मी म्हटलं, "तू माझी वही वाचलेली नाहीस." ती हसली. मग रडली थोडी. म्हणाली, "आईला नेऊन मला काय मिळणार होतं, बाबा? रोज फोनवर तिचं एकच. मला स्वतःच्या हाताने सांडू दे, कुठंतरी नेऊन सांडू दे."

हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? की सांगितलं होतं?

मैदानावरून ओरडा आला. बरीच माणसं एकदम ओरडली. आनंदाने की कशाने ते कळत नाही. पाण्यात काही पडलं की असंच ओरडतात. मुलगी पडद्यापर्यंत जाऊन परत आली. पडदा हलवला नाही तिने.

आता शांत आहे. ऊन पडद्याच्या खालच्या काठाला आलं. एवढा वेळ लागायला नको. जिना तीन मजल्यांचा आहे. मी पायऱ्यांचा विचार करत नाही. मी लिहितो आहे.

जिन्यात पाय. एक टेकतो, एक ओढला जातो. हीच.

दाराशी थांबली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. किल्ली कुलपावर घासते आहे. लागत नाही. पुन्हा घासली. किल्ली खाली पडली. मुलगी ताडकन उठली, दारापाशी जाऊन म्हणते, "आई, फटीतून आत सरकव, मी खिडकीतून शेजाऱ्यांना..."

"बस खाली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती बसली.

बाहेर ही वाकली असणार. खूप वेळ काहीच नाही. मग पुन्हा घासणं. पुन्हा. हात शिवशिवताहेत माझे, पेन दाबून धरलंय, कागद फाटेल.

लागली. कुलूप निघालं.

ही आत आली. कोपर खरचटलंय, साडीला चिखल.

"पडलीस!" मुलगी म्हणाली.

"पडले. उठले."

"आणि जीप?"

"फळीपलीकडे." श्वास घ्यायला थांबली. "दोन काठ्या पाडल्या. तीनदा मागे घेतली. गेल्या रविवारचे गुण धरले तर सगळ्यात शेवटी आले मी."

मी विचारलं, "हात?"

"कुणी नाही लावला," ही म्हणाली. आम्हा दोघांकडे नीट पाहिलं, मुलगी खुर्चीत, मी टेबलाशी. "परीक्षेला बसल्यासारखे काय बसलात?" मग मुलीला म्हणाली, "तू उद्या निघ. माझी बॅग रिकामी कर." लगेच म्हणाली, "नको. राहू दे. मी करीन."

मुलगी माझ्याकडे बघते आहे. मी वहीकडे बघतो आहे.

ही दाराजवळच्या स्टुलावर बसली आहे. मैदानात चिखल असतो म्हणून बूट घालून गेली होती. नाडी ओली होऊन गाठ घट्ट बसली आहे. मी खुर्ची मागे सरकवली तसं न बघताच म्हणाली, "अहो, तुम्ही लिहा तुमचं. मला बूट काढायचेत."

मी लिहितो आहे. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ उजव्या हाताच्या बोटांत आहे, सुटत नाही.

मी अजून लिहितो आहे.